जिंगल बेल्समधला बर्फ नक्की कुठल्या हिवाळ्यातला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बॉस्टनजवळ राहता. मुलीच्या शाळेत डिसेंबरमध्ये गाण्यांचा कार्यक्रम आहे आणि प्रत्येक गाण्याआधी वाचायच्या दोन-चार ओळी लिहून देण्याचं काम तुमच्याकडे आलंय. शेजारच्या ऐंशी ओलांडलेल्या आजी छातीठोकपणे सांगतात की त्यांच्या लहानपणी एकही नाताळ बर्फाशिवाय गेला नाही. त्यावरून तुम्ही सुरुवातीचं वाक्य ठरवलंय, की ही गाणी जुन्या काळच्या कडाक्याच्या थंडीतून जन्माला आली. ते लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारता.

मी गेली २३ वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेत संगीत शिकवते, गावातला एक हौशी कॉयर, म्हणजे गायनवृंद, चालवते आणि डिसेंबरच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या टिपा दर वर्षी मीच लिहिते. सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही जवळजवळ हेच वाक्य लिहीत होते. पुढे एकेक गाणं नीट तपासायला लागले तेव्हा ते काढून टाकलं. तुम्हीही लिहू नका. तुमच्या आजी खोटं सांगताहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण त्या वाक्यात दोन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत: गाणी थंडीतून आली का, आणि थंडी पूर्वी जास्त होती का. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं येतं. दुसऱ्याचं 'हो' आहे, पण आजी सांगतात तसं नाही.

आधी गाण्यांचं बघू. कुठलंही गाणं हातात आलं की मी तीन तारखा शोधते. शब्द कधी लिहिले, चाल कधी झाली, आणि ते गाणं नाताळाला कधी चिकटलं. या तीन तारखा क्वचितच एका वर्षात सापडतात, आणि एका ऋतूत तर त्याहून क्वचित.

तुमच्या यादीतलं 'स्ले राइड' घ्या. स्ले म्हणजे चाकांऐवजी खाली लांब पट्ट्या असलेली, बर्फावरून घसरत जाणारी घोडागाडी. ही धून लीरॉय अँडरसन यांनी १९४६ च्या जुलैत सुरू केली, कनेक्टिकटमधल्या वुडबरीला. उष्णतेची लाट होती, पाऊस नव्हता, आणि ते एका झऱ्याचे जुने पाइप शोधण्यासाठी जमीन खणत होते. त्या घामाच्या दिवसांत त्यांना घोड्याच्या टापा आणि घंटा ऐकू आल्या. रचना पुरी झाली १९४८ च्या फेब्रुवारीत. मिचेल पॅरिश यांनी शब्द लिहिले ते १९५० साली, आणि त्या शब्दांत नाताळ नाहीच, एका शेतकऱ्याच्या वाढदिवसाची पार्टी आहे. पुढे काही गायकांनी तिथे नाताळची पार्टी घातली.

'लेट इट स्नो' जुलै १९४५ मधलं, हॉलिवूडचं. सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन या दोघांनी ते तिथल्या भर उन्हाळ्यात लिहिलं. शेकोटीवर भाजलेल्या चेस्टनटांनी सुरू होणारं 'द ख्रिसमस साँग' त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातलं, तेही कॅलिफोर्नियातलंच. उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून बॉब वेल्स यांनी वहीत थंडीच्या चार गोष्टी उतरवल्या आणि मेल टॉर्मे यांनी त्या पाहून गाणं पुरं करायला घेतलं. 'व्हाइट ख्रिसमस'चा तर मूळ आरंभच कॅलिफोर्नियातल्या ऊन आणि ताडाच्या झाडांचा आहे. तो नंतर गाळला गेला, म्हणून आज ऐकताना वाटतं की गाणारा बर्फातच उभा आहे. खरं तर तो बर्फापासून हजारो मैल लांब आहे आणि त्याला घरची आठवण येतेय. गायक बिंग क्रॉस्बी यांनी ते २५ डिसेंबर १९४१ ला रेडिओवर गायलं, अमेरिका युद्धात उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आतच. घरापासून लांब असलेल्या सैनिकांनी ते उचलून धरलं यात नवल नाही. आणि लिहिणारे अर्व्हिंग बर्लिन हे रशियातून लहानपणी आलेल्या ज्यू कुटुंबातले. त्यांचा तान्हा मुलगा १९२८ साली नाताळच्याच दिवशी गेला होता. मुलांना हे सगळं सांगायची गरज नाही, पण गाणं संथ का आहे, त्यात आनंदापेक्षा हुरहुर जास्त का आहे, हे शिकवताना मला याचा फार उपयोग होतो.

याला अपवाद आहेत. 'विंटर वंडरलँड'चे शब्द रिचर्ड स्मिथ यांनी १९३४ मध्ये लिहिले तेव्हा ते क्षयाने आजारी होते. त्यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या गावच्या बागेत पडलेल्या बर्फावरून ते सुचलं असं सांगतात, आणि ते मला खरं वाटतं. पण तिथेही लिहिणारा खिडकीच्या आतल्या बाजूला आहे. पुढच्या वर्षी ते वारले.

आता 'जिंगल बेल्स'. यावर जरा जास्त थांबते, कारण तुमच्या आसपासचंच गाणं आहे. लेखक जेम्स पिअरपॉन्ट, जन्म बॉस्टनचा, १८२२ सालचा. बॉस्टनजवळच्या मेडफर्डमध्ये पाटी आहे की गाणं इथे लिहिलं. दक्षिणेत जॉर्जियातल्या सव्हानामध्येही पाटी आहे, कारण १८५७ च्या सुमारास ते तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होते. पाट्यांच्या भांडणात तुम्ही पडू नका. पक्की तारीख एकच आहे: १६ सप्टेंबर १८५७, बॉस्टनमध्ये झालेली हक्कनोंदणी, 'वन हॉर्स ओपन स्ले' या नावाने. आजचं नाव १८५९ च्या आवृत्तीत आलं. सप्टेंबर, लक्षात घ्या. बर्फाला अजून तीन महिने अवकाश होता. त्याच महिन्यात ते बॉस्टनच्या ऑर्डवे हॉलमध्ये गायलं गेलं, तेही गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याच्या खेळात. मोठ्या वर्गातल्या मुलांना मी हे स्पष्ट सांगते. लहानांच्या कार्यक्रमात दोन ओळींत ते नीट मावत नाही, तिथे नुसती तारीख पुरे.

गाण्यात नाताळचा उल्लेख कुठेही नाही. न गायल्या जाणाऱ्या कडव्यांत पोरींना शेजारी बसवून स्ले पळवणारी तरुण पोरं आहेत, मरतुकडा घोडा आहे, बर्फाच्या ढिगात उलटलेली गाडी आहे. त्या काळात अशी स्लेची गाणी ढीगभर होती, हे त्यातलंच एक. आणि नाताळ? मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाच्या ख्रिस्ती लोकांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला ५ शिलिंग दंड लावला होता. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला आणि नाताळाबद्दलची अढी त्यानंतरही कितीतरी वर्षं राहिली. बॉस्टनजवळच्या माणसाला १८५७ मध्ये बर्फ म्हटल्यावर नाताळ आठवला नसता. त्याला शर्यत आठवली असती.

माझ्याकडे स्लेच्या घंटांचा एक जुना पट्टा आहे. जाड चामड्यावर २४ पितळी घंटा, आपल्याकडच्या बैलांच्या घुंगुरमाळेचा मोठा भाऊ. सगळ्या एका मापाच्या नाहीत. मधल्या, म्हणजे घोड्याच्या पाठीवर येणाऱ्या, सर्वांत मोठ्या, आणि दोन्ही टोकांकडे लहान लहान होत जातात. प्रत्येकीच्या मुळाशी मापाचा आकडा उमटवलेला आहे. आत एक लोखंडी गोळी असते. ती नंतर घालता येत नाही, वाळूच्या गाभ्यात आधीच ठेवून भोवती पितळ ओततात आणि मग खालच्या चिरेतून वाळू झटकून काढतात. कनेक्टिकटमधलं ईस्ट हॅम्पटन हे गावच्या गाव यावर जगलं. मुलांच्या हातात पट्टा दिला की पहिली प्रतिक्रिया वजनाची असते, दुसरी आवाजाची. मग मी विचारते, एवढं ओझं घोड्यावर कशाला? शोभेला? उत्तर असं, की बर्फावर टापांचा आवाज येत नाही, गाडीखालच्या पट्ट्यांचाही नाही. वळणावर समोरून येणारी गाडी अंगावर येईपर्यंत कळायचीच नाही. म्हणून घंटा. कितीतरी गावांत त्या सक्तीच्या होत्या. हे कळल्यावर मुलं तो ठेका वेगळ्या तऱ्हेने धरतात, हा माझा दर वर्षीचा अनुभव आहे.

'सायलेंट नाइट' मात्र उलट्या बाजूने बोलतं, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. योझेफ मोर यांनी ही कविता १८१६ मध्ये लिहिली, ऑस्ट्रियातल्या मारियाफार या डोंगरी गावी. दोन वर्षांनी, २४ डिसेंबर १८१८ ला, साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फला फ्रान्झ ग्रुबर यांच्या चालीवर गिटारच्या साथीने ती पहिल्यांदा गायली गेली. ऑर्गन उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार, ही गोष्ट नंतर जोडलेली आहे, ती घालू नका. आता १८१६ हे साल बघा. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्यातून वर गेलेल्या गंधकयुक्त वायूंचा पातळ पडदा आकाशात राहिला आणि युरोपला १८१६ मध्ये उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, धान्य महागलं. इकडे न्यू इंग्लंडमध्येही, म्हणजे अमेरिकेच्या आपल्या ईशान्य कोपऱ्यात, त्या जूनमध्ये बर्फ पडला. म्हणजे ज्या वर्षी थंडीने खरोखर माणसं उपाशी राहिली, त्या वर्षीची ही कविता. आणि तिच्या सहाच्या सहा कडव्यांत बर्फ नाही, थंडीसुद्धा नाही. ज्यांच्या दाराशी बर्फ आहे त्यांना गाण्यात तो मागवावा लागत नाही, असं मला वाटतं. हे माझं मत आहे, सिद्ध करता येणार नाही. पण ही सगळी गाणी शेजारी शेजारी ठेवली की त्याच दिशेने बोट दाखवतात.

इंग्लंडचा धागा थोडक्यात. 'गुड किंग वेन्सेस्लास'मध्ये खोल बर्फ आहे, पण शब्द १८५३ चे आणि चाल १५८२ मध्ये छापलेल्या एका वसंतगीताची. फुलांच्या चालीवर बर्फ बसवलाय. नाताळच्या चित्रातला बर्फ पक्का करण्यात चार्ल्स डिकन्स यांचा मोठा वाटा, आणि ते जन्मले १८१२ साली, इंग्लंडच्या फार थंड दशकात. ते दोन वर्षांचे होत असताना, १८१४ च्या फेब्रुवारीत, लंडनमध्ये थेम्स नदी गोठून तिच्यावर शेवटची जत्रा भरली. इथे बालपणीची खरी थंडी लिखाणात उतरली असं मी मानते. तरी एक सावधगिरी घ्यायला हवी. थेम्स पुढे गोठली नाही त्याला निव्वळ हवामान कारणीभूत नाही. जुन्या लंडन पुलाच्या अरुंद कमानी पाणी अडवत होत्या. तो पूल १८३१ नंतर पाडला आणि प्रवाह मोकळा झाला.

आता थंडीचा प्रश्न. पूर्वी थंडी जास्त होती का? होती. साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर गोलार्धाच्या बऱ्याच भागात थंडीचा मोठा कालखंड होता, त्याला लघु हिमयुग म्हणतात. त्यानंतर, आणि विशेषतः गेल्या पन्नासेक वर्षांत, अमेरिकेच्या ईशान्य भागात बाकी ऋतूंपेक्षा हिवाळाच जास्त वेगाने ऊबदार होतोय. पण मी हे कोणाच्या आठवणीवरून सांगत नाही आणि गाण्यांवरून तर नाहीच. मी तळ्यांना विचारते. न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तलावाचा बर्फ कधी फुटला याची नोंद १८८७ पासून सलग आहे. प्रवासी बोट आपल्या सगळ्या धक्क्यांना लागू शकेल इतकं पाणी मोकळं झालं की तो दिवस धरतात. १८८८ मध्ये तो दिवस १२ मे होता. २०१६ आणि २०२४ मध्ये मार्चच्या मध्यालाच पाणी मोकळं झालं. त्याहून मागे जायचं तर बर्फाचा धंदा बघा. १८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी तळ्यातला बर्फ जहाजाने थेट कलकत्त्याला पाठवला, पुढे तो मुंबईलाही यायचा. बॉस्टनजवळच्या वॉल्डन तळ्याचा बर्फ १८४६-४७ च्या हिवाळ्यात असाच कापला गेला. घोडे आणि शंभर माणसं तळ्यावर उभी राहतील, लाद्या कापून भुशात भरतील, एवढा जाड थर दर वर्षी भरवशाने मिळत होता म्हणून तर तो धंदा उभा राहिला.

मग आजींचं कुठे चुकतं? तारखेत. त्यांचा हिवाळा खरा आहे, फक्त तो २५ डिसेंबरला बसवलेला आहे. तुमच्याकडे समुद्र जवळ आहे, आणि डिसेंबरमध्ये समुद्राचं पाणी अजून पुरतं गार झालेलं नसतं. वादळ आलं तरी किनाऱ्यावर पाऊस आणि तीस मैल आत बर्फ, हे तिथलं नेहमीचं. बॉस्टनमध्ये नाताळला जमिनीवर बर्फ नसणं हे जुन्या नोंदींतही सर्रास आढळतं. खरा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीचा. अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे २०१४-१५ चा हिवाळा. बॉस्टनमध्ये विक्रमी ११०.६ इंच बर्फ पडला, पण त्यातला बहुतेक जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढे. त्या वर्षीचा नाताळ कोरड्या जमिनीवरच झाला. तेव्हा पाच-सहा वर्षांची असलेली मुलं साठीत पोचतील तेव्हा काय सांगतील, याची मला आताच कल्पना येते.

आठवण कशी सरकते ते मी एकदा जवळून पाहिलंय. आमच्या कॉयरमधल्या एका बाईंनी सांगितलं, लहानपणी एका नाताळला बर्फ दाराच्या मुठीपर्यंत आला होता, वडिलांनी खिडकीतून बाहेर उडी मारून दार मोकळं केलं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. पुढच्या सरावाला त्यांनी फोटो आणला. फोटोत सगळं तसंच होतं, मुठीपर्यंत बर्फ, हातात फावडं घेतलेले वडील. पण त्या काळच्या फोटोंच्या पांढऱ्या किनारीवर फोटो धुतल्याचा महिना छापलेला असे, तो होता फेब्रुवारी ७८. आणि मागच्या खिडकीच्या काचेला कागदाचे लाल बदाम चिकटवलेले, व्हॅलेंटाइनचे. ते १९७८ चं फेब्रुवारीतलं प्रसिद्ध वादळ होतं, बॉस्टनमध्ये २७ इंचांवर बर्फ टाकणारं. बाई बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. वडील, बर्फ, शाळेला सुट्टी, घरात सगळे एकत्र, हे त्यांच्या मनात एकाच खणात ठेवलं गेलं होतं, आणि त्या खणावरची चिठ्ठी पन्नास वर्षं दर डिसेंबरला ऐकलेल्या गाण्यांनी लिहिली होती.

यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. मूल तीन फूट उंच असतं तेव्हा मोठ्यांच्या गुडघ्याएवढा बर्फ त्याच्या कमरेला लागतो. आणि रस्ते. स्लेच्या काळात रस्त्यावरचा बर्फ काढत नव्हते, मोठ्या लाकडी रुळाने तो दाबून बसवत, कारण गाडीला तोच हवा असे. मोटारी आल्या तसा तो बाजूला सारायला लागले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मीठ टाकण्याची पद्धत सगळीकडे पसरली. आजींच्या आजीसाठी गाव महिनोन्‌महिने पांढरं होतं. आता तेवढाच बर्फ पडला तरी दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता काळा दिसतो.

एक कमी माहितीचं कारण सांगते, तुमच्या टिपेत छान बसेल. इंग्लंडने आणि अमेरिकेतल्या त्यांच्या वसाहतींनी १७५२ च्या सप्टेंबरमध्ये पंचांग बदललं आणि ११ दिवस वगळले, २ तारखेनंतर थेट १४. त्यामुळे त्या वर्षी जुन्या हिशोबाचा नाताळ नव्या पंचांगातल्या ५ जानेवारीला पडला असता. म्हणजे सणच थंडीच्या ऐन भरातून अलीकडे सरकला.

माझी शिफारस अशी. टिपेत लिहा की यातली बरीच गाणी उन्हाळ्यात किंवा बर्फापासून लांब लिहिली गेली, लिहिणाऱ्यांना हिवाळा आठवत होता किंवा हवा होता. 'जिंगल बेल्स'साठी १८५७ चा सप्टेंबर आणि घंटा कशासाठी, एवढं पुरे. 'सायलेंट नाइट'साठी १८१६ आणि १८१८. मुलांना सालं लक्षात राहत नाहीत पण जुलैत खड्डा खणणारा माणूस राहतो, त्याला वगळू नका. हवामानाचं वाक्य घालायचंच असेल तर ते तुमच्या गावातल्या तळ्यावरून घाला. कुठलं गाव, किनाऱ्यापासून किती आत, किती उंचीवर, यावर उत्तर फार बदलतं, आणि बॉस्टनचं माप आतल्या भागातल्या, उंचावरच्या वुस्टर शहराला लागत नाही.

आणि आजींना कार्यक्रमात बोलवा. फक्त त्यांना नाताळला बर्फ असायचा का असं विचारू नका, त्याचं उत्तर गाण्यांनी आधीच देऊन ठेवलंय. तळ्यावर स्केटिंगला पहिल्यांदा कधी सोडायचे, बर्फ पुरेसा जाड झालाय हे घरात कोण ठरवायचं, चर्चला जाताना पायात बूट कुठले असायचे आणि ओले मोजे कुठे वाळत घालायचे, असं विचारा. मुलीला शेजारी बसवा आणि फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवा.